दोनशे न्यूटनचा घड

नियमपुस्तकात लिहिलंय :
पंखावर दोनशे न्यूटनचा भार ठेवा,
दहा मिलिमीटरच्या वर वाकता कामा नये.
फैजपूरच्या आमच्या वर्कशॉपात प्रमाणित वजनं नव्हती.
धनराजमामानं कांदेबागातला एक घड आणला,
बावीस किलो भरला.
लोकेशनं एक फणी कापली.
वीस किलो चारशे. बरोब्बर दोनशे न्यूटन.
कापलेली फणी पुराव्यासहित खाल्ली.

मामा पंखाखाली वाकून बघत राहिला.
"उलटा बसोला का वं पोरी?"
उलटाच असतो, मामा.
विमानाला जो उचलतो, तोच हा,
पोट वर, पाठ खाली,
गाडीला जमिनीशी दाबून धरायला.
"मंग त्याले पंख कायले म्हनता?"
नियमपुस्तकात शंभरावर पानं आहेत,
याचं उत्तर एकातही नाही.

चाकं झाकायची नाहीत.
वरून पाहिलं तर चारही दिसली पाहिजेत,
बाजूनं पाहिलं तरी.
उघडं चाक वारा कुटतं,
आणि आम्ही वर्षभर त्याच्या मागे बसून
त्या कुटलेल्या वाऱ्याचा भांग पाडतो.

एप्रिलात गोंदूरची धावपट्टी मिळाली, एक सकाळ.
गाडी केळीच्या टेम्पोतून नेली, खाली पाल्याचा थर.
पंखावर मी लोकरीचे दोरे चिकटवले होते,
आईच्या अर्धवट स्वेटरचे,
जो आमच्याकडच्या उन्हात कुणीच घालणार नव्हतं.
साठच्या वेगाला सगळे दोरे आडवे, गुमान.
फक्त डाव्या टोकाचे तीन उभे राहून गरगरत होते.
तिथं वारा पंखाला सोडून चालला होता.
कुंदन हेल्मेट काढून म्हणाला, वळणावर पुढचं टोक ऐकत नाही.
मी म्हटलं, माहीत आहे. तीन दोरे.

परतताना चोपड्याच्या पुढे वावधन सुटलं.
टेम्पो बाजूला घेतला. अर्धा तास.
थांबल्यावर पाहिलं : शेवरीचं कुंपण नसलेली बाग.
ज्यांची पानं अखंड राहिली होती
ते खांब कमरेत मोडून आडवे.
ज्यांच्या चिंध्या झाल्या होत्या ते उभे,
एकेका पानाचे तीस-तीस तुकडे,
प्रत्येक फटीतून वारा आपला निघून गेलेला.

घरी येऊन मी पंखाला एक फट काढली.

फट काढली तसा पंख तेरा मिलिमीटर वाकला.
मग रमजान तडवी आला,
साक्रीच्या पवनचक्क्यांची पाती दोरावर लोंबकळून दुरुस्त करणारा.
त्यानं नखानं टिचकी मारली, कान लावला,
"आतून दोन थर, तिरपे," एवढंच बोलला
आणि संध्याकाळच्या बसला पैसे न घेता गेला.
घड रात्रभर टांगून ठेवला.
सकाळी काटा आठवर. आम्ही नाचलो.
मग लोकेशला खालची सालं दिसली.
वॉचमन म्हणाला, पिवळी पडत होती, वाया गेली असती.
पुन्हा वजन. पुन्हा घड. नवीन, कच्चा,
आणि वर कागद : हे उपकरण आहे, खाऊ नये.

स्पर्धेत तपासनीसाकडे पोलादी वजनं होती, चकाकणारी.
त्यानं धारेची गोलाई मापली,
चाकावरून सरळ काठी धरली,
एक डोळा मिटून बराच वेळ काहीतरी पाहिलं.
मग वजन ठेवलं.
साडेनऊ.
मान वर न करता त्यानं खूण केली आणि म्हणाला, "पुढचं."

रात्री मामाचा फोन.
"किती वाकला?"
साडेनऊ, मामा. दहापर्यंत चालतं.
पलीकडे कोयत्याचा आवाज, घड उतरत होते.
"म्हंजे अर्ध्याची जागा होती अजून.
तेवढं कापड जास्तीचं लावलं तुम्ही."

मी काहीच बोलले नाही.
परीक्षकांच्या तीन पानी अहवालात
शेवटून दुसरी ओळ हीच होती.